अडवणारी ग्लिया, वाढवणारे घटक

मज्जारज्जूला मार लागलेल्या रुग्णांच्या घरची मंडळीही आज परिषदेच्या सभागृहात आहेत. त्यांच्यासमोर एक मुद्दा ठामपणे मांडतो. ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, चेतातंतूंची वाढ रोखतात हे खरे, पण तो रोध अटळ नाही. तंतूची स्वतःची तयारी किती, यावर त्या रोधाचे बळ ठरते, आणि ती तयारी वृद्धिघटक करून देतात.

हातापायांतली नस तुटली तर ती पुन्हा वाढू शकते, मज्जारज्जूतले तंतू मात्र खुंटतात. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांत परिघीय नसेचा तुकडा मज्जारज्जूला जोडला, तेव्हा तेच खुंटलेले तंतू त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. म्हणजे ताकद होती, परिसर आड येत होता. पुढे श्वाब यांच्या गटाने मायेलिनमधली, म्हणजे ग्लिया पेशींनी तंतूंभोवती गुंडाळलेल्या आवरणातली, रोधक प्रथिने दाखवली. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९९ मधला फिल्बिन यांच्या प्रयोगशाळेतला प्रयोग. एमएजी हे मायेलिनमधले रोधक प्रथिन असलेल्या थरावर चेतापेशी ठेवल्या की तंतू आखूडच राहत. त्याच पेशींना आधी बीडीएनएफ हा वृद्धिघटक देऊन मग त्या थरावर ठेवल्या, तर तंतू लांब वाढत. थर तोच, प्रथिन तेच. बदलली होती पेशीच्या आतली सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूची पातळी. घटक आणि एमएजी एकदमच दिले, तर मात्र उपयोग होत नसे.

इथेच आक्षेप येतो: अपघात काही सांगून येत नाही, मग आधी औषध देणार कसे? आक्षेप रास्त आहे, पण तो वेळेबद्दलचा आहे, मूळ तत्त्वाबद्दलचा नाही. सायक्लिक एएमपी वाढवायला दुसरे मार्गही आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. टीजीएफ-बीटासारखा घटक ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशींना उलट रोधक प्रोटिओग्लायकॅन बनवायला लावतो, आणि एनजीएफमुळे वेदनेचे तंतू नको तिथे फुटू शकतात. म्हणून ‘वृद्धिघटक द्या’ एवढे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. कोणता, कुठे, कधी, हे सांगावेच लागेल. २०१८ मध्ये अँडरसन, सोफ्रोनिव्ह आणि सहकाऱ्यांनी उंदरांत घटकांची अशीच नेमकी जुळणी केली. ॲस्ट्रोसाइटचा व्रण न काढताच तंतू इजेच्या पलीकडे गेले, तरी प्राणी चालले नाहीत. २०२३ मध्ये निवडक चेतापेशींचे तंतू त्यांच्या मूळ ठिकाणापर्यंत नेल्यावर मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेले उंदीर बऱ्याच अंशी पुन्हा चालू लागले.

उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे आहे, हे रुग्णांच्या कुटुंबांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे. जुन्या इजेत, वर्षानुवर्षे निपचित राहिलेल्या चेतापेशींत ही तयारी पुन्हा कशी जागवायची, या प्रश्नाला पुढच्या सत्रांत आपण सर्वाधिक वेळ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.