निळ्या डोळ्यांचे लहान फूल
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही आज एका फुलावर बोलणार आहोत. हसू नका. आम्ही प्राध्यापक नाही, साचेखात्यातले कामगार आहोत. आपल्याच विहाराच्या वाचनालयात एका पुस्तकात त्याचे चित्र पाहिले, ते डोक्यातून जाईना.

नाव कॉलिन्सिया पार्विफ्लोरा. पार्विफ्लोरा म्हणजे लहान फुलांची. अमेरिकेच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा, रॉकी हे डोंगर आहेत. तिथल्या पाइन आणि फरच्या उंच झाडांमधल्या मोकळ्या जागेत हे वीतभर रोप उगवते. फूल अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. वरच्या दोन पाकळ्या पांढरट, खालच्या निळ्या. खालची मधली पाकळी दुमडून होडीसारखी झालेली. आम्हाला तर ती साच्यावरचा धोटाच वाटली! धोट्यात कांडी असते, तसे तिच्यात केसर लपलेले. मधमाशी आली तर बरेच. नाही आली तरी फूल स्वतःच्या परागावर बी धरते.

आयुष्य एका हंगामाचे. बर्फ वितळल्यावर जमिनीत थोडे दिवस ओल असते. उन्हाने माती सुकली की रोप मेले. मोठे झाड शेकडो वर्षे उभे राहते, ते थांबू शकते. याला थांबून चालत नाही. तेवढ्या ओलीतच उगवायचे, फुलायचे, बी टाकून जायचे.

तिथल्या आदिवासींच्या पायाखालचेच हे फूल. पण शास्त्राच्या पुस्तकात ते आले डेव्हिड डग्लसमुळे. हा स्कॉटलंडच्या पाथरवटाचा मुलगा, जन्म १७९९. लहानपणीच बागेत उमेदवारीला लागला. ग्लासगोला माळीकाम करता करता प्राध्यापक हूकर यांची व्याख्याने ऐकून शिकला. १८२५ साली कोलंबिया नदीच्या मुलखात पोचला, तिथून बिया लंडनला पाठवल्या. १८२७ साली लिंडले या शास्त्रज्ञाने या फुलाचे वर्णन छापले. १८३४ साली डग्लस वारला, अवघा ३५ वर्षांचा.

बंधू-भगिनींनो, व्याख्यान ऐकायला मिळाले म्हणून माळी शिकला. आपले वाचनालय संध्याकाळी उघडते, तेव्हा दुसऱ्या पाळीचा कामगार साच्यावर उभा असतो. तरुण पोरे आम्हाला म्हणतात, "काका, वाचायचं कधी?" त्यांच्याजवळ ओल आहे ती सकाळची, दोन तासांची. कमिटीला आमची विनंती आहे, सकाळी दोन तास वाचनालय उघडा. किल्ली घेऊन आम्ही बसू. त्या दोन तासांत कोण फुलेल, आज कोणी सांगावे?

जयभीम.