आधाराचा दांडा सुटल्यावर
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्या नगरीत भोसले घाट, अहिल्याबाई घाट आणि शिंदे घाट आहेत, तेथे मी पाश्चात्त्य नृत्याविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु विषय माझ्या घरात घडलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून माझी येथे बदली झाली. धाकटी कन्या तेथे बॅलेचे प्राथमिक धडे घेत होती. या नृत्याचा सराव भिंतीलगतच्या आडव्या दांड्यापाशी सुरू होतो. त्यास 'बार' म्हणतात. त्यावर हात ठेवून अंग तयार करावयाचे आणि मग खोलीच्या मध्यभागी येऊन तेच आधाराविना करावयाचे, असा क्रम. आमच्या भाड्याच्या घरात दांडा कोठला! 'बाबा, तुमच्या बदलीत माझा नाच गेला,' हे तिचे बोल मला फार लागले.

मी वेताची खुर्ची पुढे केली. तिने पाठीवर भार टाकताच खुर्ची कलंडली. मुंबईच्या बाईंना दूरध्वनी केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "खुर्चीने खरे तेच सांगितले. दांड्याला बोटे टेकवायची. त्यावर रेलायचे नाही. आता मध्यभागीच उभी राहा."

त्यांनी क्रमही सांगितला. टाचा जुळवून पावले बाहेर वळवावी, पण बळेच नव्हे. जेवढी नितंबापासून वळतील तेवढीच. टाचा जमिनीवर ठेवून गुडघे पावलांच्या दिशेने वाकवावे, हा 'प्लिए'. मग एका पायावर तोल घेऊन दुसरा पाय जमीन घासत पुढे न्यावा, हा 'तांद्यू'. कंबर कलली की चूक कळते. शेवटी दोन्ही टाचा सावकाश उचलाव्या व तितक्याच सावकाश टेकाव्या. गिरक्या एकटीने घ्यावयाच्या नाहीत आणि आमच्या फरशीवर उड्या तर नाहीतच. पहिले काही दिवस ती टाचा उचलताच डोलू लागे. दांड्याने झाकलेली उणीव मध्यभागी उघडी पडली. आणि उघडी पडली म्हणूनच सुधारली.

कबीर चौऱ्याच्या या नगरीत ही गोष्ट नवी नाही. कथकची विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून मोकळ्या जमिनीवर उभी राहून तत्कार करते. भिंत तिच्या मदतीस येत नाही. उभयतांच्या रीती भिन्न; बॅलेत चवड्यावर फिरतात, कथकात बहुधा टाचेवर. परंतु गिरकी घेताना नजर एका ठिकाणी रोवून ठेवण्याची युक्ती दोहोंकडे एकच. १९२३ मध्ये उदयशंकर लंडनला आन्ना पावलोवा यांच्यासह राधाकृष्णाच्या नृत्यात उतरले, तेव्हा या दोन जगांची भेट रंगमंचावर झालीच होती.

मित्रहो, आपले मंडळ हाही एक दांडाच आहे. गणेशोत्सव, हळदीकुंकू, मुलांचे मराठी वाचन, या साऱ्यांवर आपण पन्नास वर्षे हात ठेवून उभे आहोत. तो दांडा हवाच. मी त्याचा ऋणी आहे. परंतु आपली मुले उद्या चेन्नईस वा टोरांटोस जातील, तेथे मंडळ असेलच असे नाही. घरी, जेवताना, आपसांत मराठी बोलणे हा त्यांचा मध्यभागीचा सराव आहे. तो आजच सुरू व्हावा.

कन्या आता रोज सकाळी अर्धा तास खोलीच्या मध्यभागी उभी राहते. खुर्ची पुन्हा माझ्याकडे आली आहे. ती वर्तमानपत्र वाचावयास उत्तम आहे.