लॅपटॉप नसला तरी प्रोजेक्ट चालला पाहिजे

सांगलीचं वालचंद असो की कराडचं शासकीय अभियांत्रिकी, घरी चालणारा प्रोजेक्ट लॅबमध्ये परीक्षकांसमोर बंद पडू शकतो. अनेकदा चूक कोडची नसते. तिथल्या लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते.

पायथॉनमध्ये २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून यासाठी 'व्हेन्व्ह' आहे. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की प्रोजेक्टचं स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट तयार होतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. पण तो फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊ नका. त्यात जुन्या मशीनचे पत्ते असतात. 'पिप फ्रीझ'ने आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये घ्या, कोडसोबत ती न्या आणि तिथे नवं एन्व्हायर्न्मेंट बनवा. पायथॉनची आवृत्ती तेवढी जुळती ठेवा.

स्वतःचा लॅपटॉप नसलेल्यांनी तर हे आजच शिकावं. मशीन दुसऱ्याचं असलं तरी काम आपलं चालेल.