काय बिघडले, की काय उरले?



औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची. गुन्हा शाबीत झालेले कैदी तेथे बायकामुलांसह राहिले, त्यांनी शेती केली, आणि त्यांना कोंडणारी भिंत नव्हती. त्याच मुलखातल्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे त्यावरून कथा रचली आणि १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आला. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगली जिल्ह्यात. गुन्हेगारात काय शिल्लक आहे, हा प्रश्न ज्या मुलखाने इतक्या लवकर विचारला, त्याच मुलखात कोणाचेही काही न बिघडविलेला मनोरुग्ण मागल्या खोलीत दिवस काढतो.

राज्यातील जुनी सरकारी मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतले एकही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, १९९६ पासून तो जिल्ह्यांत उतरू लागला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, बहुतेक मनोविकारांत १०० पैकी ७० हून अधिक रोगी उपचारांबाहेरच आहेत. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. पण समाजात राहायचे म्हणजे कोठे, कोणाजवळ, आणि सकाळी उठून करायचे काय? गोळी भास थांबविते. पुढचा दिवस भरून काढणे तिच्या आवाक्यातले नाही.

याच प्रश्नाशी अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात चार्ल्स रॅप आणि त्यांचे सहकारी १९८२ पासून झगडू लागले. त्यांची पद्धत सांगायला सोपी, आचरायला अवघड आहे. रोग्यामागे एक कार्यकर्ता असतो. त्याच्याकडे थोडेच रोगी सोपविलेले असतात. तो दवाखान्यातल्या टेबलामागे न बसता घरी, ओट्यावर, शेताच्या बांधावर भेटतो. लक्षणांची यादी डॉक्टरांजवळ असतेच. हा दुसरी यादी करतो. माणसाला काय येते, काय आवडते, पूर्वी त्याने काय निभावले, कोण त्याच्या शब्दाला अजून मान देते. पुढे काय करायचे, हे ठरविणार रोगी स्वतः. गावाकडेही हा कार्यकर्ता साधनांचा साठा म्हणूनच पाहतो.

खानापूर-आटपाडीकडील घरोघरचे तरुण सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगले आहेत. समजा, त्यांतला एक जण परमुलखात आजारी पडून परतला. घरच्यांचा हिशेब सरळ असतो: बरा झाला की पुन्हा भट्टीवर धाडू. कार्यकर्त्याने विचारले, तर तो म्हणतो, भट्टी नको, दोन शेळ्या हव्यात. शिकलेल्या कार्यकर्त्याला ही मागणी क्षुल्लक वाटते. अगदी येथेच त्याची परीक्षा असते. शेळ्या म्हणजे सकाळी उठण्याचे कारण, रानात जाणे, बाजाराच्या दिवशी चार माणसांशी भाव करणे. त्याला पखवाज येतो हे कळले, तर भजनी मंडळाच्या वीणेकऱ्याला गाठून त्याची जुनी जागा मागणे हेही कार्यकर्त्याचेच काम. मंडळी कुरकुरतील, एखादा एकादशीला उठूनही जाईल. आजार उलटला, तर गोळ्या वाढवाव्या लागतील. पखवाज मात्र काढून घ्यायचा नाही.

पण 'रोग्याची ताकद शोधा' हे वाक्य सरकारी कागदावर फार गोड दिसते, आणि म्हणूनच सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. पुढे ती रिकामी होत गेली, १९६३ च्या कायद्याने वस्तीवस्तीतील केंद्रांचे वचन दिले, केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत आणि कित्येक जण रस्त्यावर आणि तुरुंगांत पोहोचले. आपल्याकडे हेच काम आशाताईंच्या आधीच फाटलेल्या झोळीत आणखी एक नोंदवही म्हणून टाकले गेले, तर त्यातून फक्त अहवाल निघतील. उरलेला भार आई किंवा बायको उचलील, कारण ती आजवर उचलीतच आली आहे. हा कार्यकर्ता पगारी हवा, शिकविलेला हवा आणि त्याच्याकडील रोग्यांची संख्या बांधलेली हवी.

इटलीत फ्रांको बासालिया यांनी १९७१ पासून त्रिएस्तचे मनोरुग्णालय मोकळे करायला घेतले, तेव्हा झाडलोट करणाऱ्या रोग्यांची सहकारी संस्था निघाली. फुकट राबणारा रोगी मजुरी घेणारा सभासद झाला. १९७८ साली त्या देशाने कायदाच बदलला. सातारा-सांगलीला सहकार शिकवायला त्रिएस्तहून कोणी येण्याची गरज नाही. साखर कारखाने, दूध संघ, सोसायट्या यांचे जाळे येथे गावोगाव आहे. त्यांच्या किती अध्यक्षांनी बऱ्या झालेल्या मनोरुग्णाला वजनकाट्यावर किंवा दूध संकलनावर जागा दिली, हे वार्षिक सभेत कधी विचारले गेले आहे काय?

साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'परिवर्तन'ने व्यसनमुक्तीचे काम उपदेशाच्या पलीकडे नेले, ही वाट ओळखीची आहे. रोजगार हमीचे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यात ती कल्पना प्रथम आजमावली गेली, आणि पुढे काम मागणे हा मागणाऱ्याचा हक्क ठरला. मनोरुग्णाने काम मागितले, तर ते औषधोपचाराचा भाग म्हणून द्यायचे, की हक्क म्हणून? कार्यकर्त्यांनी याचे उत्तर आधी आपापसांत ठरवावे.

आणि एक हिशेब हाताशी आहे. २०१६ च्या कायद्याने मानसिक आजार अपंगत्वात धरला आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे आहेत. येत्या ग्रामसभेत तो खर्च नावानिशी नव्हे, बाबनिहाय वाचून दाखवायला सांगावे, आणि त्यात दोन शेळ्यांना जागा आहे का, ते विचारावे.