काम काय करता?



नागपूरचं लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार.
आरा मशीन सुरू झाली, की भुसा उडतो…
पापण्यांवर बसतो, नाकात जातो.

डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेला बसणाऱ्या मित्रांनो,
समोर धाप लागलेला कामगार आला,
तर आधी विचारा : काका, काम काय करता?

इटलीच्या डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली, आपल्या ग्रंथात,
डॉक्टरांना हाच प्रश्न विचारायला सांगितलं.
मला तो आजही तितकाच मोलाचा वाटतो.
काम काय करता?

मग विचारा : सुट्टीत बरं वाटतं का?
"हो" म्हणाले, तर कामामुळे होणाऱ्या दम्याचा संशय घ्या.
फुंकर मारायला लावून श्वासाचा जोर मोजा,
कामाच्या दिवशी… आणि सुट्टीतही.

मात्र खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल,
तर क्षयासाठी थुंकी तपासाच.