डोळ्यात परतणारा लिम्फोमा आणि जुना स्कॅन

नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयातून पुस्तक आणावं आणि अक्षरं धूसर दिसावीत, असं झालं की साठीपुढच्या माणसाला पहिला संशय येतो मोतीबिंदूचा. बहुतेकदा तो खराच ठरतो. पण क्वचित कारण वेगळं निघतं: डोळ्याच्या आतला लिम्फोमा.

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मानेत, काखेत त्याच्या गाठी येतात, हे पुष्कळांना ठाऊक असतं. डोळ्यात तो आला, तर डोळा सहसा दुखत नाही, लालही होत नाही. काळे ठिपके तरंगतात, धुरकट दिसतं. वरवर ही आतली सूज वाटते. स्टिरॉइडने काही काळ बरंही वाटतं, कारण या पेशी त्याने तात्पुरत्या कमी होतात. निदान मात्र लांबतं.

निदान पक्कं करायला डोळ्यातला काचद्रव, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पारदर्शक गर, थोडा काढून तपासतात. उपचारात मेथोट्रेक्सेट डोळ्यातच टोचतात, एका वेळी साधारण ४०० मायक्रोग्रॅम. काहींना शिरेतून औषधं किंवा किरणोपचारही लागतात. नजर निवळते. पण आजार परतला तर कळणार कसं? दर खेपेला सुई घालून नमुना काढणं काही बरं नव्हे.

इथे ओसीटी हा प्रकाशाने केलेला डोळ्याचा स्कॅन कामाला येतो. १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही पद्धत जगापुढे मांडली. डोळ्यात सोडलेला प्रकाश कुठून किती परततो, हे मोजून यंत्र डोळ्याच्या आतल्या पडद्याचा उभा छेद दाखवतं. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, तरी त्याचे थर वेगवेगळे दिसतात. हनुवटी टेकवून खुणेकडे बघायचं, की काही सेकंदांत काम होतं.

लिम्फोमाच्या पेशी बऱ्याचदा पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थराखाली जमतात. ओसीटीत तिथे उंचवटे दिसतात, कधी पडद्याच्या थरांतून उभ्या चमकदार रेघा. ऑटोफ्लुओरेसन्स या दुसऱ्या तपासणीत रंगद्रव्याचा थर स्वतःच मंद चमकतो; आजार असेल तिथे ती चमक दाणेदार होते. रुग्णाची काही तक्रार नसतानाही या खुणा सापडू शकतात.

अडचण अशी, की उंचवटे वयोमानाच्या झिजेतही दिसतात. म्हणून आजचा स्कॅन मागच्या स्कॅनशेजारी ठेवून बघावा लागतो. उपचार संपताना नसलेला उंचवटा आता दिसला, तर डॉक्टर सावध होतात. गरज पडली तर पुन्हा नमुना घेतात. त्यात पेशींबरोबर एमवायडी८८ जनुकातला बदलही शोधता येतो. मेंदूचा एमआरआयही करतात, कारण डोळ्यात सुरू झालेला हा आजार निम्म्याहून अधिक रुग्णांत पुढेमागे मेंदूत पोचतो.

तेव्हा ज्यांचे उपचार झालेत, त्यांनी स्वच्छ दिसतंय म्हणून ठरलेली तपासणी टाळू नये. स्कॅन दोन्ही डोळ्यांचा करावा. जुने स्कॅन फाइलमध्ये आणि जमल्यास पेन ड्राइव्हवर जपावेत. डॉक्टर बदलले तर सोबत न्यावेत. आणि एक व्यवहाराची गोष्ट: बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून स्वतः दुचाकी चालवत घरी येऊ नका, घरातलं कोणीतरी बरोबर न्या.