परमा रोगाची अचूक ओळख
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले भाषण)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी आम्ही परमा या रोगाविषयी बोलणार, हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून जे विषय उघडपणे मांडले, ते आजही आपल्या घरांत कुजबुजीनेच बोलले जावेत, हे सुशिक्षित समाजास भूषणावह नाही.

पुरुषांत हा रोग बहुधा जळजळ व पू या लक्षणांनी प्रकट होतो. स्त्रियांत मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही. आतल्या आत गर्भनलिका सुजून बंद होतात, आणि ‘वांझ’ हा शब्द निरपराध सुनेच्या वाट्यास येतो. प्रसूतीच्या वेळी बालकाच्या डोळ्यांस संसर्ग झाल्यास त्याची दृष्टीही जाऊ शकते.

या रोगाचा जंतू जर्मन वैद्य आल्बर्ट नायसर यांनी १८७९ साली शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो घेवड्याच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तसा जोडीने दिसतो. पुरुषांच्या पुवात तो सहज ओळखू येतो. स्त्रियांच्या स्रावात इतर जंतूंच्या गर्दीत तो चटकन सापडत नाही. मग पोषक माध्यमावर तो वाढवावा लागतो. जंतू मोठा नाजूक. त्यास एक-दोन दिवस लागतात. शिवाय त्याचे काही भाऊबंद आपल्या घशात निरुपद्रवीपणे राहतात, तर एक मेंदूज्वर आणतो. एकाच्या जागी दुसरा ओळखला गेला, तर एखादा संसार विनाकारण मोडावयाचा!

येथे प्रतिपिंडे उपयोगी पडतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरील लस तयार होत असे, हे आपण ऐकले असेल. अशा रक्तात नाना प्रकारची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. ती भाऊबंदांसही चिकटतात. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिल्स्टाइन यांनी यावर तोड काढली. आपल्या नाशिकचा द्राक्षबागायतदार ती लगेच समजेल. तो चिवट खुंटावर हव्या त्या जातीची काडी बांधतो. तद्वतच त्यांनी न मरणाऱ्या कर्कपेशीशी प्रतिपिंड देणारी उंदराची पेशी जोडली. त्या एका कलमाच्या वंशातून एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळू लागले. हीच मोनोक्लोनल अँटीबॉडी. या शोधास १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परम्याच्या जंतूच्या बाह्यावरणातील विशिष्ट प्रथिनास चिकटणारी अशी प्रतिपिंडे तयार झाली. त्यांस चमकणारा रंग जोडला, की वाढविलेले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे उजळतात. भाऊबंद अंधारातच राहतात. अर्थात एकच प्रतिपिंड जंतूच्या सर्व प्रकारांस ओळखत नाही, म्हणून अनेकांचे मिश्रण वापरतात. तरीही क्वचित चूक होते. आता जंतूच्या जनुकद्रव्याची चाचणी पुढे आली आहे. परंतु कोणते औषध लागू पडेल हे पाहण्यास जंतू वाढवावाच लागतो. कारण पेनिसिलीन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांस त्याने पुष्कळ ठिकाणी दाद देणे सोडले आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच. दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. तपासणी व उपचार पतिपत्नी दोघांनीही करावेत. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकात ही सोय विनामूल्य असते व गुप्तता राखली जाते. मूल होत नसेल, तर सुनेस बोल लावण्यापूर्वी मुलासही वैद्याकडे न्यावे. आणि विवाह ठरविताना आपण छत्तीस गुण जुळवितो, त्यांत आरोग्याचा सदतिसावा गुण उभयपक्षी, कोणाचीही अप्रतिष्ठा न करता, पाहिला जावा.

प्रयोगशाळा जंतूस अचूक ओळखते. त्याचा दोष माणसाच्या माथी न मारण्याचे काम आपले आहे.